अक्षरांचीं कुळें

गोवंडींत राहणाऱ्या माणसानें जुन्या छापील अक्षरांचीं कुळें शोधीत बसावें, याचें माझ्या आप्तांना हंसूं येतें. हा उद्योग पुण्यास सदाशिव पेठेंत अथवा गिरगांवांतील एखाद्या जुन्या चाळींत शोभला असता, असें त्यांचें म्हणणें. मला नेमकें उलट वाटतें. मुंबईनें टाकून दिलेल्या वस्तूंची वाट शंभराहून अधिक वर्षें आमच्याच अंगणावरून जात आहे. कुर्ल्यापासून चेंबूरपर्यंतचा लोहमार्ग १९०६ सालीं घातला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठीं. त्याच मार्गावरून माणसांनीं प्रवास करावा, ही गोष्ट १९२४ मध्यें घडली. देवनारची कचराभूमि १९२७ सालची. शहर जें टाकतें तें इकडे येतें, आणि इकडचीं माणसें तें वेंचतात, निवडतात, तोलतात व पुन्हां बाजारांत धाडतात. कागद एका बाजूस, पितळ एका बाजूस, शिसें निराळें, कांच निराळी. मुखपृष्ठ हरवलेल्या मराठी पुस्तकाची गांठ पडावयाची, तर याहून सोयीची जागा मला तरी ठाऊक नाहीं.

बैंगनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका रद्दीवाल्या चाचांचें दुकान आहे. मीं तीस वर्षें एका छापखान्यांत मुद्रितें तपासलीं, शाळेंत एक दिवसहि शिकविलें नाहीं. तरी चाचा मला ‘मास्तर’ म्हणतात. पिवळें पडलेलें, वाळवीनें खाल्लेलें, नागरी अक्षरांतलें कांहीं आलें कीं ते बाजूला काढून ठेवतात. ‘मास्तर, आपका पुराना माल आया है,’ अशी हांक आली कीं मी पिशवी घेऊन निघतों. अलीकडे मात्र माझा बराचसा माल मोबाइलवर चित्ररूपानेंच येतो. कुणी नाशिकहून, कुणी बेळगांवहून एखाद्या पानाचें छायाचित्र पाठवितो आणि खालीं चार शब्द लिहितो: हें कुठलें असेल? आरंभ नाहीं, शेवट नाहीं, छापखान्याचें नांव नाहीं, साल नाहीं. उरलीं आहेत तीं अक्षरें; जें काय विचारावयाचें तें त्यांनाच विचारलें पाहिजे.

पहिला प्रश्न असा कीं, हें पान खिळ्यांवर छापलें कीं शिळेवर? याचें उत्तर एकाच अक्षराकडे पाहून मिळत नाहीं. तेंच अक्षर दहा ठिकाणीं पाहावें लागतें. शिळाछापाचा मूळ कर्ता लेखक असतो, म्हणजे बोरूनें लिहिणारा. त्याचा ‘क’ कितीहि घोटीव असला तरी दुसऱ्या ओळींतला ‘क’ पहिल्याहून केंसभर निराळा उतरतो. खिळ्यांचें तसें नाहीं. तेथें सगळे ‘क’ एकाच मातृकेच्या पोटचे. आणि त्यांतल्या एकाचा कान तुटलेला असला तर तोच तुटका कान चार पानांनंतर पुन्हां भेटतो. ही खूण सांपडली कीं मला चोराचें पाऊल सांपडल्याचा आनंद होतो. दुसरी खूण शिरोरेषेची. हातानें ती एका ओढींत येते, तर खिळ्यांची शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनीं जुळविलेली असते व तिच्या सांध्यांतून प्रकाशाची बारीक फट दिसते. जुळारी कसबी असला तर फट थोडी, टाइप झिजलेला असला तर फार. मात्रा, रफार, अनुस्वार यांच्याकडेहि पाहावें. अक्षराच्या अंगाबाहेर झुकलेली खिळ्यावरची मात्रा ही मोठी नाजुक वस्तु. ती पहिल्यांदां मोडते. ओळीवर ओळ मोडक्या मात्रांची दिसली तर तो छापखाना गरीब होता असें खुशाल समजावें.

मग कुळाचा प्रश्न. येथें अ, झ आणि ण हीं तीन अक्षरें साक्षीस उभीं करावयाचीं. एकोणिसाव्या शतकांत नागरी टाइपाचीं दोन मोठीं घराणीं झालीं, एक कलकत्त्याचें व एक मुंबईचें. कलकत्त्याचा ण ‘रा’ला आणखी एक काना जोडल्यासारखा दिसतो, तिकडचा झ म्हणजे शेंपूट फुटलेला भ, आणि तिकडचा अ तर इतका परका, कीं मराठी मुलाला तो अ आहे असें बोट ठेवून सांगावें लागतें. मुंबईचीं रूपें म्हणजे आपण शाळेंत गिरविलीं तीं. पुढें हिंदीनेंहि आपली प्रमाण लिपि ठरवितांना या तीन अक्षरांचीं मुंबईचींच रूपें घेतलीं, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतल्या पानावर हा पुरावा लंगडा पडतो. तेथें ल आणि श यांना बोलवावें. मराठी ल ला दोन पाकळ्या, मराठी श ला देठ. हिंदीचा ल आणि श निराळ्या घाटाचे. (आमच्या स्थानकाच्या पाटीचा मला या कामीं मुळींच उपयोग नाहीं. ‘गोवंडी’ या नांवांत एकहि चुगलखोर अक्षर नाहीं. उलट पुढच्याच मानखुर्दचें ‘लल्लूभाई कंपाउंड’ पाहा! तीन ल एका शब्दांत. त्या पाट्या वाचण्यासाठीं मी मुद्दाम तिकडे फिरावयास जातों.)

कालाचा अंदाज लेखनपद्धतीवरूनहि लागतो. पानांत ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशीं रूपें दिसलीं तर सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीचा तो ठसा; ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती तऱ्हा उचलली होती. अनुच्चारित अनुस्वार भरगच्च असतील तर तें पान बहुधा १९६२ च्या आधींचें, कारण त्या सालच्या नियमांनीं त्यांना रजा दिली. मी स्वतः ते अद्याप देतों; मुद्रितशोधकानें गाळूं नयेत, एवढी विनंति आहे.

या कामासाठीं आतां यंत्रेंहि निघालीं आहेत. अक्षराचें चित्र दाखवावें आणि त्यांनीं त्याचें नांव सांगावें. रोमन अक्षरांत तीं हुषार आहेत. मीं मात्र त्यांच्यापुढें जुन्या पंचांगाचें एक पान ठेवलें, तेव्हां त्यांनीं आजच्या दुकानांत विकत मिळणारीं चार वळणें पुढें केलीं. एखाद्याच्या पणजोबांचें चित्र दाखवून हे कोण असें विचारावें आणि समोरच्यानें गल्लींतल्या चार पोरांचीं नांवें सांगावींत, तसा तो प्रकार झाला. माझ्या मतें बापूराव नाईकांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथाचे तीन खंड या यंत्रांहून अजून पुष्कळ शहाणे आहेत. भाषा संचालनालयानें ते १९७१ सालीं काढले.

कुळाचा माग काढीत मागें मागें गेलें म्हणजे एक गंमत दिसते. मराठीचीं पहिलीं नागरी खिळ्यांचीं पुस्तकें महाराष्ट्रांत झालींच नाहींत. तीं बंगाल्यांत, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत झालीं. विल्यम कॅरेचें मराठी व्याकरण १८०५ सालचें. त्या छापखान्यासाठीं नागरी अक्षरें कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्याचा जांवई मनोहर हे बंगाली लोहार. ज्या हातांना बंगालीचें वळण होतें त्यांनीं आमचीं अक्षरें पोलादांत कोरलीं. त्या नागरीच्या एका संचाला सुमारें सातशें खिळे लागले. पुढें कॅरेनें मराठीसाठीं मोडीचेहि खिळे पाडविले, आणि १८१० चा त्याचा मराठी कोश मोडींत छापला गेला. ती परंपरा वाढली असती तर आज आपण पुस्तकें मोडींत वाचीत असतों. मला तें आवडलें नसतें, पण माझ्या आजोबांना आवडलें असतें.

त्याच १८०५ सालीं इकडे मिरजेस भगवद्गीता छापली गेली, आणि ती अगदीं वेगळ्या रीतीनें. पेशवे दरबारांतला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासानें नाना फडणविसांच्या मनांत छपाईची गोष्ट भरली होती. पुण्याच्या एका तांबटाला हाताशीं धरून तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्याचें काम सुरू झालें. नाना १८०० मध्यें वारले. कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि तेथें तें पुरें झालें. अ. का. प्रियोळकरांनीं आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथांत ही सारी हकीकत दिली आहे. दोन माणसें, एक लोहार व एक तांबट; एक मिशनऱ्यांसाठीं कोरणारा, एक गीतेसाठीं; एकमेकांना अज्ञात. दोघांतलें कोणतें अक्षर अधिक मराठी, असें कुणीं विचारलें तर मी तांबटाकडे बोट दाखवीन. त्याची अक्षरें बोरूच्या वळणाचीं आहेत. पण पत्र्यावर कोरलेलें अक्षर त्या पत्र्याचेंच राहतें, तें उचलून दुसऱ्या शब्दांत बसवितां येत नाहीं. म्हणून तांबटाचें कूळ तेथेंच खुंटलें आणि लोहाराचें वाढलें.

तें वाढलें मुंबईंत. अमेरिकन मिशननें १८१७ च्या सुमारास येथें मराठी छपाईस हात घातला तेव्हां टाइप बंगाल्यांतलाच होता. पुढें त्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें नवे ठसे कोरले. मिशनचें काम पाहून गणपत कृष्णाजीनें आधीं शिळाछाप उभा केला, त्यावर १८३१ सालीं पंचांग काढलें, आणि मग स्वतःचे खिळे ओतले. आणि त्याच मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर एक पोर लागलें. जावजी दादाजी त्याचें नांव. १८३९ चा जन्म, १८६४ त स्वतःची ओतशाळा, १८६९ त निर्णयसागर छापखाना, १८९२ त मृत्यु. जावजीचें नांव सर्वांना ठाऊक असतें. ज्यानें ठसे कोरले त्या राणोजी रावजी आरू याचें फारसें कुणाला ठाऊक नसतें. मला स्वतःला राणोजीचा हात पाहिला कीं थांबावेंसें वाटतें. अक्षराला पोटहि आहे आणि पाठहि आहे. जाड रेघ कोठें बारीक व्हावी याचा त्याला कुणीं नियम सांगितला नसेल, पण ती नेमकी तेथेंच होते. संस्कृताचीं चार-चार मजल्यांचीं जोडाक्षरें लहान आकारांतहि गुदमरत नाहींत. काव्यमालेचा कोणताहि जुना भाग उघडून पाहावा. कोलभाट गल्लींतल्या त्या छापखान्याचीं पुस्तकें जगभरच्या संस्कृतज्ञांनीं वापरलीं, त्याचें अर्धें श्रेय पंडितांना असेल तर अर्धें या माणसाला द्यावयास मी तयार आहें.

गेल्या वर्षींची एक गोष्ट येथें सांगतों. आमच्याच इमारतींत तळमजल्यावर एक वृद्ध जुळारी राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. चाळीस वर्षें रोज गोवंडीहून गाडी धरून त्यांनीं गिरगांवांतल्या निरनिराळ्या छापखान्यांत खिळे जुळविले. जुळारी आणि मुद्रितशोधक यांचें नातें सासूसुनेसारखें. त्यामुळें आमची मैत्री दोघेहि निवृत्त झाल्यावरच झाली. आतां त्यांना दिसत नाहीं म्हटलें तरी चालेल. एका रात्रीं त्यांच्या नातवानें मला एक छायाचित्र पाठविलें. वर्तमानपत्रावर शंभर-सव्वाशें खिळे तोंडें वर करून उभे केलेले, आणि खालीं मजकूर: ‘काका, आजोबा विचारतात हा टाइप कुणाचा? अशी एक पूर्ण पिशवी आहे. चौदा किलो भरली. शिवाजी नगरचा भंगारवाला उद्यां नेणार आहे.’

मीं चित्र उलटें करून पाहिलें, कारण खिळ्यावरचें अक्षर आरशांतल्यासारखें असतें. झ मुंबईचा, ण मुंबईचा, ल ला दोन पाकळ्या. इतकें चित्रावरून कळलें. पण आबांना हवें होतें तें इतकेंच नव्हतें. एक छापखाना बंद पडला तेव्हां त्यांच्या वस्तादानें ती पिशवी त्यांच्या हातांत दिली होती, आणि ‘हा जावजीचा टाइप आहे, संभाळ,’ असें सांगितलें होतें. तीस वर्षें ती पलंगाखालीं होती. आतां नातवाच्या महाविद्यालयाचें शुल्क भरावयाचें होतें आणि शिशाला भाव होता. मी खालीं गेलों आणि एक रात्र मागून घेतली.

त्या रात्रीं मीं रबरी शिक्क्याची शाई, ओलसर कागद आणि घरांतलें लाटणें एवढ्या सामग्रीवर त्या खिळ्यांचे ठसे घेतले. निर्णयसागरचा जुना हितोपदेश माझ्यापाशीं होता. भिंग घेऊन एकेक अक्षर त्याच्याशीं ताडून पाहिलें. वळण तेंच. परंतु तीन खिळे शेजारीं ठेवले कीं शिरोरेषा एका पातळींत येईना. बुंध्यावरच्या खांचाहि तीन तऱ्हांच्या. म्हणजे पिशवींत निदान तीन ठिकाणचें ओतकाम मिसळलेलें. याचें कारण धंद्यांतल्या माणसाला सांगावयास नको. एखाद्या ओतशाळेचे खिळे विकत आणावे, विजेच्या साहाय्यानें त्यांवर तांब्याचा थर चढवावा, त्या थराचीच मातृका करावी आणि तींतून आपले खिळे ओतावे, ही युक्ति जगभरच्या ओतशाळांना ठाऊक होती. अशा नकलेची नक्कल होत गेली कीं अक्षर ओळखूं येतें, पण त्याच्या कडा बोथटतात. पिशवींतल्या दोन जातींच्या कडा बोथट होत्या; तिसरी तीक्ष्ण होती, पण ती निर्णयसागरांतच ओतली असें शपथेवर सांगण्याजोगा पुरावा खिळ्यावर नसतो.

आबांना काय सांगावें हा प्रश्न मला पडला नाहीं असें नाहीं. वस्तादाचा शब्द तीस वर्षें पलंगाखालीं जपलेला; ‘होय, जावजीचाच’ एवढें म्हटलें असतें तर काय बिघडलें असतें? पण मुद्रितशोधकाच्या तोंडून तें निघेना.

‘वळण निर्णयसागरचें आहे,’ मी म्हणालों. ‘ओतकाम तीन ठिकाणचें दिसतें. कुणाकुणाचें, तें सांगतां यावयाचें नाहीं.’

आबांनीं पिशवींत हात घातला, एक खिळा काढला आणि अंगठ्यानें त्याची खांच चांचपली. ‘तें मला ठाऊक आहे,’ ते म्हणाले. ‘वस्ताद थापा मारीत. पण तिसरा कुठला, तें तुम्ही सांगाल असें वाटलें होतें.’ मग आणखी एक खिळा बोटांत फिरवून ते हंसले. ‘हा ण पाहा. उजव्या कान्याचा पाय तिरपा तुटला आहे ना? पंधरा वर्षें हा माझ्या हातांत येई आणि मी शिवी देऊन पुन्हां खणांत टाकीं. घाई असली कीं नेमका हाच येई.’

मीं पाहिलें. पाय तिरपा तुटलेला होता.

पिशवी एखाद्या संग्रहालयाला द्यावी, निदान कांहीं खिळे ठेवून घ्यावे, असें मी बरेंच बोललों. नातूहि विरघळल्यासारखा दिसला. आबा मात्र अजिबात विरघळले नाहींत. ‘अहो, टाइप वितळण्यासाठींच असतो,’ ते म्हणाले. ‘झिजला कीं भट्टींत. शिसें, कथील, अँटिमनी, पुन्हां नवा टाइप. मीं स्वतः किती मण घातला असेल! तुम्ही पुस्तकवाले, तुम्हांला तो ठेवावासा वाटतो. आम्हांला तो चालता हवा. हा आतां चालत नाहीं. पोराची फी चालेल.’ सकाळीं तराजू आला आणि पिशवी गेली. माझ्यापाशीं राहिले ते सात कागद, लाटण्यानें उमटविलेले. लाटण्याची शाई अजून गेलेली नाहीं, आणि घरांत त्यावरून बोलणीं खावीं लागतात.

याला चार महिने झाले असतील. एका स्नेह्यानें कोंकणांतल्या एका वाचनालयांतून एका स्मरणिकेच्या पानांचीं चित्रें पाठविलीं. त्याला कवितेचा कर्ता हवा होता. मीं संवयीनें अक्षरें पाहूं लागलों, आणि तिसऱ्या पानावर एक ण दिसला. उजव्या कान्याचा पाय तिरपा तुटलेला. मीं माझे कागद काढले, चित्र मोठें केलें. पुढें नवव्या पानावर तोच ण, अकराव्यावर तोच, आणि तिन्ही ठिकाणीं तुटीची तिरपाई कागदावरच्या ठशाशीं मिळती. छापखान्याचें नांव शेवटच्या पानावर होतें, गिरगांवांतलें. साल १९६८. मी तसाच खालीं धांवलों आणि आबांना हांक मारून सांगितलें कीं तुमचा ण सांपडला.

‘कितव्या पानावर?’ त्यांनीं विचारलें.

‘तीन, नऊ, अकरा.’

त्यांनीं थोडा विचार केला. ‘नऊ आणि अकरा माझीं असतील. तीन दुसऱ्यानें जुळविलें. मीं एका पुस्तकांत तो तिसऱ्यांदां घेतला नसता.’

माझ्या स्नेह्याला कवितेचा कर्ता अद्याप मिळालेला नाहीं.

या सातशें खिळ्यांच्या पसाऱ्याचा कंटाळा सर्वांत आधीं ज्यांना आला त्यांत लोकमान्य टिळक होते, ही गोष्ट केसरीच्या वाचकांनाहि फार थोड्यांना आठवत असेल. इंग्रजीचा जुळारी दोन पेट्यांवर भागवितो, मराठीच्याला त्याच्या दुप्पट पेट्यांपुढें नाचावें लागतें; म्हणून टिळकांनीं खिळ्यांची संख्या सुमारें १९० पर्यंत उतरवून दाखविली, आणि १९१८-१९ मध्यें चिरोलच्या खटल्यासाठीं विलायतेंत असतांना मोनोटाइप कंपनीशींहि त्याबद्दल बोलणीं केलीं. मुंबईच्याच शंकर आबाजी भिसे यांनीं खिळे ओतण्याचें ‘भिसोटाइप’ यंत्र बनविलें. यंत्रांच्या सोयीसाठीं अक्षरांची काटछांट झाली ती माझ्या पिढीनें सोसली. जोडाक्षरांचे मजले पाडून त्यांच्या बैठ्या चाळी केल्या, कारण यंत्राला उंची परवडत नव्हती. मग संगणक आला आणि उंचीचा प्रश्नच उरला नाहीं. पवईस आय.आय.टी.मध्यें र. कृ. जोशी शिकवीत असत; विंडोज २००० बरोबर घरोघर पोंचलेलें ‘मंगल’ हें वळण त्यांचें. तें मला फारसें आवडत नाहीं, त्यांचीं हातानें काढलेलीं अक्षरें फार आवडतात. पण कोट्यवधि लोकांनीं पडद्यावर नागरी प्रथम पाहिली ती त्या वळणांत, हें नाकारतां येत नाहीं. ते २००८ सालीं वारले.

संगणकावर मराठीचे ल आणि श मात्र मागें पडले. एकाच लिपीचीं दोन्ही रूपें संगणकाच्या दृष्टीनें एकच अक्षर. कोणतें दाखवावयाचें तें वळण ठरविणार, आणि पुष्कळ वळणें हिंदीचें दाखवितात. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे, असें ठरवून दिलें. निर्णय योग्य आहे. आमच्या रस्त्यावरच्या फलकांना त्याची वार्ता नाहीं.

परवां वस्तींतल्या कांहीं तरुणांनीं एका खोलींत वाचनालय सुरू केलें. फलक छापावयाचा होता, म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. दुकानांतला मुलगा विशींतला, बिहारकडचा, हातानें चपळ. त्यानें ‘शिवाजी नगर वाचनालय’ असें पडद्यावर आणलें. मीं म्हटलें, हा ल बदल. त्यानें विचारलें, ‘काका, पढ़ने में तो आ रहा है, फिर क्यों?’ मीं त्याला कागदावर दोन्ही ल काढून दाखविले. तो कांहीं वेळ पाहत राहिला, मग म्हणाला कीं आमच्या गांवच्या शाळेंत हा दुसरा होता. मग त्यानें दहा-बारा वळणें फिरविलीं आणि एकांत दोन पाकळ्यांचा ल त्याला सांपडला. सांपडल्यावर तो माझ्याइतकाच खुष झाला. सायंकाळीं फलक आला. ल मराठी होता. श तसाच राहिला होता.